निर्जंतुक बिअर

मला आयुष्यातली पहिली बिअर ज्या माणसाने पाजली, त्याने स्वतः जन्मात बिअरचा थेंबही चाखला नव्हता. आणि पिणारी मी सोलापूरची. आमच्याकडे सोड्याची बाटली उघडल्याचा फस्स आवाज आला तरी आजोबा पेपर खाली ठेवून "काय चाललंय?" म्हणून विचारायचे. म्हणजे बनवणाऱ्याला चव माहीत नाही आणि चाखणारीला बिअर माहीत नाही. असे आम्ही दोन दिवटे साउथहॅम्प्टनच्या एका गॅरेजमध्ये जवळजवळ वर्षभर बिअर बनवत होतो, आणि आपलं झकास चाललंय अशी दोघांचीही खात्री होती.

काका माझे घरमालक. मी तिथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायला लागले, तेव्हा कँटीनच्या फळ्यावर त्यांची चिठ्ठी लावलेली होती: 'खोली भाड्याने. राहणारी व्यक्ती खरं बोलणारी असावी.' सिगारेट ओढणारी नसावी, मांजर आणणारी नसावी, असलं काही नाही. फक्त खरं. मला गंमत वाटली. बघायला गेले तर दारात एक उंच, काटकुळा, घरातसुद्धा टाय लावलेला माणूस उभा. "या. आधी हात धुवा, मग बोलू," म्हणाले. मी धुतले. "वीस सेकंद झाले नाहीत," म्हणाले. मी परत धुतले. खोली मिळाली.

त्याच हॉस्पिटलच्या तळघरात काकांनी एकतीस वर्षं काढली होती. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं व्हायची आणि खाली काका त्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून पाकिटांत बंद करायचे. रिटायर झाले ते नोकरीतून. तळघर त्यांच्याबरोबर घरी आलं होतं. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, त्यावर डबा उघडल्याची तारीख आणि उघडणाऱ्याची सही. पोह्यांच्या डब्यावर तेच, मेतकुटाच्या बरणीवर तेच. "एक दिवस माझ्यावर पण लावतील," काकू म्हणायच्या. "वर लग्नाची तारीख आणि खाली 'वापरण्यापूर्वी हलवा'."

काका सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला तर करायचेच, पण पेपर टाकणाऱ्या शाळकरी मुलाशीही ते इतकं वाकून बोलायचे की तो पोरगा बिचारा घाबरून पळायचा. शेजारचं मांजर ओट्यावर चढलं की मराठीत, "अहो, उतरा खाली. हे योग्य नाही." मी एकदा हसले तर म्हणाले, "माझ्या वडिलांना गावात जन्मभर कुणी अहो म्हटलं नाही. त्यांच्या वाट्याचे सगळे माझ्याकडे शिल्लक आहेत. वाटतोय."

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि वर निळ्या कोटातली तसबीर. माझ्या आईने फोनवर घरमालकांचं आडनाव विचारलं, मग जरा थांबली, मग हळूच म्हणाली, "जेवण वेगळं करतेस ना तुझं?" मला इतकी लाज वाटली आईची! म्हटलं, "त्यांच्याच हातचं जेवते, आणि चार किलोंनी वाढलेय. आणखी काय विचारायचंय?" आईने पावसापाण्याचं विचारलं.

तर ते किट. काका रिटायर झाले तेव्हा डिपार्टमेंटने त्यांना घरी बिअर बनवायचं किट भेट दिलं. एक मोठी झाकणाची बादली, झाकणावर बुडबुडे सोडायची वाकडी नळी, बाटल्यांना बुचं ठोकायचा दांडा, काकवीसारख्या दाट माल्टचा डबा आणि यीस्टची पुडी. एकतीस वर्षं एका टेबलावर बसून डबे खाल्ले, पण हा माणूस पीत नाही हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. काका लहानपणी वडिलांचं बोट धरून नागपूरला गेले होते, तिथे दीक्षा घेतली, आणि मद्य घेणार नाही हे पंचशीलातलं पाचवं शील तेव्हापासून कधी मोडलं नव्हतं. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचून घ्यायचे.

"देऊन टाका ना कुणाला तरी," काकू म्हणाल्या.

"पिऊ नये असं शील आहे. बनवू नये असं कुठे आहे?"

"दारूचा धंदा करू नये असं आहे."

"धंदा कुठे करतोय? मी रिटायर आहे." आणि काका बादली घेऊन गॅरेजमध्ये गेले.

पहिली बिअर जन्मालाच आली नाही. काकांनी बादली निर्जंतुक केली, पळी केली, बाटल्या केल्या, आणि मग यीस्टची पुडी हातात आली. वाचून बघतात तर यीस्ट म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव! म्हणजे जंतूच की. काकांनी ते आधी पाच मिनिटं उकळून घेतलं. मग आठ दिवस आम्ही बादलीसमोर स्टूल टाकून बसलो. एक बुडबुडा येईल तर शपथ. नवव्या दिवशी काकांनी लायब्ररीतून पुस्तक आणलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अब्जावधी होते हो," मला म्हणाले. "माझ्या हातून गेले." पहिलं शील जीवहिंसेचं. काका बादलीपुढे मान खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, मग मलाही उभं राहावं लागलं. काकू दारात आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "शोकसभा आटपली की जेवायला या."

दुसऱ्या वेळी यीस्टला त्यांनी कोमट पाण्यात हलक्या हाताने सोडलं. बादली गॅरेजमधल्याच गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, काकूंच्या गोधडीत गुंडाळून ठेवली. बाहेर तक्ता टांगला: तापमान, बुडबुडे दर मिनिटाला, सकाळ-संध्याकाळ. मी ड्युटीवरून आले की काका विचारायचे नाहीत, सांगायचेच. "पेशंट स्थिर आहे. मिनिटाला अठरा." बादली बघायला आत जायचं तर टोपी, मास्क, हातमोजे. ऑपरेशन थिएटरमध्ये मला एवढं सोंग करावं लागायचं नाही.

आणि बाटल्या! चाळीस बाटल्या ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवायच्या, सकाळी काढून उलट्या टांगून वाळवायच्या. धुवायच्या मात्र नाहीत. मी विचारलं तर काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "नळाचं पाणी निर्जंतुक असतं का? एकदा शुद्ध केलेली वस्तू पुन्हा नळाखाली धरायची? तळघरात असं कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं." मला पटलं. न पटून सांगते कुणाला?

तीन आठवड्यांनी चाखायचा दिवस आला. काकांनी मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि पुढे छापील फॉर्म ठेवला. नऊ रकाने. रंग, फेस, कडूपणा, जिभेवर किती वेळ राहते, घशात काय होतं, असं करत करत शेवटचा रकाना: 'मनात काय आलं?' काका समोर पेन घेऊन, अगदी पुढे झुकून बसलेले. मी घोट घेतला. कडू लागलं. बिअर कडू असते एवढं ऐकून होते. जिभेच्या मागे काहीतरी झोंबलं. असेल बाबा, असंच असत असेल. शेवटच्या रकान्यात मी अगदी मनापासून लिहिलं, 'ओळखीचं वाटतं.'

काकांना केवढा आनंद झाला! तो फॉर्म त्यांनी फ्रिजवर लावला.

मी एकटीच नव्हते हो. महिन्यातल्या एका शनिवारी हॉस्पिटलातली मराठी मंडळी काकूंच्या हातचं मटण खायला जमायची. त्यांना काका बिअर द्यायचे आणि फॉर्मही द्यायचे. भुलीचे एक पुणेरी डॉक्टर होते, ते ग्लास उजेडात धरून म्हणाले, "एक नंबर, काका! बॉडी आहे हिला." बाकीचे "वा, वा!", "विकतची झक मारते!" यजमानाने प्रेमाने दिलेलं वाईट आहे असं तोंडावर म्हणायची आपल्यात कुठे रीत आहे? पानात पडलेलं गोड मानायचं, आणि रश्श्याचा वास येत असताना तर माणूस काहीही गोड मानतो. सगळ्या फॉर्मांवर दहापैकी नऊ. पुणेरी डॉक्टरांचे साडेनऊ.

संशय यायला हवा होता तो गोगलगायींवरून. काकूंच्या मेथीच्या वाफ्यात इंग्लिश गोगलगायी चरायच्या, आणि वाटीत बिअर ठेवली की त्या तिच्यात येऊन पडतात, असा तिकडे सगळ्यांचा अनुभव. काकूंनी उरलेली बिअर ठेवली. सकाळी बघतो तर मेथी फस्त, आणि वाटीला लांबून वळसा घालून गेलेल्या चकाकत्या रेघा. "गोगलगाय तोंड लावेना तुमच्या बिअरला," काकू म्हणाल्या. काकांनी वाकून रेघा तपासल्या आणि समाधानाने म्हणाले, "बघा. हिने एकाही जीवाची हत्या होत नाही."

आता माझी फजिती सांगते. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी नोकरी सोडून चालली होती, म्हणून आम्ही सगळे पबमध्ये गेलो. इतके दिवस मी तिथे संत्र्याचा ज्यूस पिणारी. त्या दिवशी ऐटीत बिअर मागितली. आता काय, आपण जाणकार! घोट घेतला आणि थांबले. हिला काही चवच नाही. सरळ उठून बारवर गेले, म्हटलं, ही खराब आहे. त्या माणसाने मुकाट्याने बदलून दिली. ही पण तशीच. तिसरी दिली. मी नाक मुरडलं. तेव्हा त्याने टॉवेल खांद्यावर टाकून विचारलं, "बाई, तुला नेमकी कशी हवी?" मी समजावून सांगितलं, की बघ, पहिल्यांदा कडू, मग मागे जिभेला झोंबतं, आणि मग नाकात असं स्वच्छ-स्वच्छ वाटतं, नुकतीच पुसलेली फरशी असते ना, तसं.

टेबलावरची सगळी वळून बघायला लागली. मग ती निरोपवाली मुलगी माझा हात धरून म्हणाली, "लव्ह, व्हॉट हॅव यू बीन ड्रिंकिंग?"

घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'ओळखीचं वाटतं!' वाटणारच. रोज सकाळी ज्या कॉरिडॉरमधून मी कामाला जाते, त्याचाच वास तो. मी वर्षभर हॉस्पिटल पीत होते. पहिल्यांदा हसू आलं. मग आठवलं, की गॅरेजमध्ये नव्या चाळीस बाटल्या तयार आहेत आणि प्रत्येकीवर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'रॉनसाठी'. हसू पार मावळलं.

रॉन पलीकडच्या घरातला म्हातारा. बंदरावर क्रेन चालवायचा. बायको गेली, कंबर गेली, आता लीड्सहून लेक येऊन त्याला कायमचा घेऊन जाणार होती. चार आठवडे राहिले होते. काका आणि तो तीस वर्षं शेजारी, पण दोघांचं बोलणं म्हणजे "मॉर्निंग" आणि हवापाणी, यापुढे गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मग चाळीस बाटल्या त्याच्याचसाठी कशाला, हे मला कळत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी काकूंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

काकू भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या. "मला माहीत आहे," म्हणाल्या. "वास येतो ना. मी काय नाक कापून ठेवलंय?"

"मग सांगितलं का नाही?"

काकूंनी हात पुसले. "हे घर घेतलं ना, त्याच्या पहिल्या दिवसाची गोष्ट. सामान लावत होतो. हा रॉन बिअरची बाटली घेऊन दारात आला, वेलकम म्हणून. यांचं इंग्लिश तेव्हा यथातथाच, त्यात गोऱ्या माणसापुढे घाबरलेले. दोन्ही हात असे हलवले, 'नो, नो' म्हणाले आणि दार लावून घेतलं. पितच नाही, हे सांगायचं सुचलंच नाही. मग खिडकीतून बघतात तर रॉन तिथेच उभा, हातातल्या बाटलीकडे बघत. त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, माझ्या बापाच्या हातचं गावात कुणी घेत नव्हतं. चहाच्या दुकानात त्याचा कप वेगळा. त्याचा मुलगा मी, आणि एका माणसाने आपल्या हाताने दिलेलं मी दार लावून परत पाठवलं." काकूंनी तव्यावर भाकरी टाकली. "तीस वर्षं झाली. अजून त्या भिंतीजवळून जाताना मान खाली घालतात. आता त्यांना वाटतंय, आपल्या हाताने करून द्यावी, म्हणजे फिटेल. तूच सांग, मी कुठल्या तोंडाने सांगू?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि रागही आला, स्वतःचा. चिठ्ठीवर एकच अट होती माझ्यासाठी.

संध्याकाळी मी दुकानातून चांगल्या बिअरची एक बाटली आणली, दोन ग्लास काकांसमोर ठेवले, एकात ही, एकात आपली. म्हटलं, "काका, नुसता वास घ्या."

काकांनी थोडा विचार केला. "वास घ्यायला हरकत नाही," म्हणाले. पहिल्या ग्लासावर नाक धरलं. "पाव भाजतात तसा. थोडा गवताचा. थोडा संत्र्याच्या सालीचा." खूश झाले. मग आपल्या ग्लासावर धरलं. पुन्हा धरलं. "हिला वास नाही. शुद्ध आहे."

"आहे काका. ब्लीचचा आहे. भरपूर आहे. एकतीस वर्षं तुम्ही त्यातच होता, तुम्हाला येत नाही. मलाही कळला नाही, मीही तिथलीच."

काकांनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं रडतात की काय. पण चिडले! आणि कशावर, तर बिअरवर नाहीच. "आणि बाकीचे? साडेनऊ देणारे? त्यांच्या नाकाला काय झालं होतं? माझं पाचवं शील मी सांभाळतोय आणि सगळा गाव मिळून चौथं मोडतोय? अहो, खोटं बोलत होते!"

ताडकन उठले, फोन घेतला, आणि शनिवारच्या मंडळींना एकेकाला लावत सुटले. "नमस्कार. खरं सांगा, माझी बिअर कशी होती?" आणि ऐका मजा, एकही बधेना! "फर्स्ट क्लास, काका!" "छे छे, काय बोलता, मस्तच होती!" काका ओरडून सांगताहेत, "अहो, ती वाईट होती!" आणि पलीकडचा समजूत घालतोय, "तुम्ही उगाच मनाला लावून घेता. पुढच्या शनिवारी आहे ना?" शेवटी पुणेरी डॉक्टर सापडले. त्यांना काकांनी सरळ शपथच घातली. पलीकडून आवाज आला, "काका, मी ती काकूंच्या मनी प्लँटमध्ये ओतायचो."

आम्ही सगळ्यांनी मनी प्लँटकडे पाहिलं. ते जानेवारीतच गेलं होतं. काकूंना वाटलं होतं थंडीने गेलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी चाळीसच्या चाळीस बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. रस्त्यावरचं गटार दोन दिवस हॉस्पिटलसारखं दरवळत होतं. आणि मग नवी बादली चढली. चार आठवड्यांत जेमतेम बसत होतं. ब्लीचनंतर बाटल्या धुवायच्या हे काकांना पुस्तकात तीन ठिकाणी दाखवावं लागलं. शेवटी तडजोड झाली, की पाणी उकळून, गाळून, गार करून तीनदा विसळायचं. पहिली बाटली विसळताना त्यांनी दोनदा दाराकडे बघून घेतलं. "तळघरातल्या पोरांना कळलं तर काय म्हणतील?" पुटपुटत होते. दर बाटलीनंतर नाक पुढे न्यायचे, काही वास आला नाही की मला बोलवायचे. त्या महिन्यात मी चाळीस रिकाम्या बाटल्या हुंगल्या.

फॉर्म बदलला होता. नऊ रकाने गेले, एकच राहिला: 'खरं.' पहिली बाटली उघडली, मी प्यायले. काका माझ्या तोंडाकडे बघताहेत, काकू पदर तोंडाला लावून उभ्या. मी लिहिलं, 'पातळ आहे. जरा जास्त गोड आहे. पण बिअर आहे.' काकांनी तो कागद दोनदा वाचला. "बिअर आहे," काकूंना म्हणाले. "ऐकलंत? बिअर आहे."

रॉन जायचा तो शनिवार. सामानाची व्हॅन पुढे गेली होती, लेक गाडीत बॅगा भरत होती. आम्ही तिघं त्याच्या घरात शिरलो तर आत काही उरलंच नव्हतं; मधोमध एक घडीची खुर्ची, तिच्यात रॉन. काकांनी सूट घातलेला, पॉलिश केलेले बूट, हातात ट्रे, ट्रेवर बाटली आणि ग्लास. मागे मी आणि काकू खोका धरून. दारातून आत येताना काका एवढे ताठ चालत होते की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आम्ही खोका खाली ठेवला. काकांनी त्यावर ट्रे टेकवून बाटली उघडली, ग्लास भरला, दोन्ही हातांनी पुढे केला. "मी बनवली," म्हणाले. रॉनने घोट घेतला. दुसरा घेतला. ओठ पुसले. "बिट थिन," म्हणाला. मग आणखी एक घोट. "बट आय हॅव पेड फॉर वर्स." आणि ग्लास संपवला. तळाशी थेंब ठेवला नाही.

मग काकांनी सांगून टाकलं. तीस वर्षांपूर्वीची बाटली, ते दार, सगळं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं इंग्लिश, त्यामुळे एकही चूक नाही. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या हातचं मी घेतलं नाही. मला माफ करा."

रॉन डोकं खाजवत राहिला. खूप आठवून बघितलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, "सॉरी, मेट. मला काहीच आठवत नाही. बहुतेक मीच प्यायलो असेन ती."

काकूंनी कपाळावर हात मारला. तीस वर्षं! तीस वर्षं हा माणूस मान खाली घालून त्या भिंतीजवळून गेला, आणि ज्याच्यासाठी गेला त्याच्या गावीही नाही! मला हसू की रडू कळेना. काका तर उभे होते तिथेच, ट्रे पुन्हा हातात, तोंड अर्धवट उघडं. माफी मागायला आले होते आणि माफी द्यायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात रॉनने काय केलं, रिकामा ग्लास पुन्हा भरला, कापऱ्या हाताने, निम्मं जमिनीवर सांडत, आणि काकांच्या पुढे धरला. "युअर टर्न, देन."

त्या ग्लासाकडे काका बघत राहिले. पन्नास वर्षांचं शील एकीकडे आणि तो कापरा हात एकीकडे. मला वाटलं, आता घेतात. काकूंनाही वाटलं असावं, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मीच मनात म्हणत होते, घ्या हो काका, एक घोट घ्या, कोण विचारतंय!

काकांनी ट्रे जमिनीवर ठेवला. "रॉन," म्हणाले, "मी पीत नाही. कधीच प्यायलो नाही. ते त्या दिवशी सांगायचं राहिलं. पण मला पाणी द्याल का? तुमच्या हातचं?"

रॉनला काही कळलं नाही, पण तो उठला. खुर्चीला धरत, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेला. लेक दारातून "डॅड!" म्हणून धावली, तिला त्याने हाताने थांबवलं. ग्लासातली बिअर स्वतः पिऊन टाकली, नळाखाली ग्लास खळखळून धुतला, भरला, आणि तसाच भिंत धरत परत आला. काकांनी ग्लास घेतला आणि उभ्या उभ्या, घटाघट, श्वास न घेता सगळं पाणी प्यायले. टायवर ओघळलं, तरी थांबले नाहीत. डोळ्यांतूनही वाहत होतं.

रॉन गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. "ईझी, मेट," म्हणाला. "इट्स ओन्ली वॉटर."

काकांनी रिकामा ग्लास त्याच्यापुढे केला. "अजून एक द्या," म्हणाले. मराठीतच म्हणाले. रॉन पुन्हा भिंत धरून नळाकडे गेला.